ताओची हिशेबवही

इन्स्टाग्रामवर ‘ताओ’ शोधलं की साधारण तीन प्रकारच्या रील्स समोर येतात. पहिल्या प्रकारात धुक्यातले डोंगर, बासरी आणि ‘पाण्यासारखे वाहत राहा’ असा सल्ला. दुसऱ्या प्रकारात व्यायामानं कमावलेल्या अंगाचा एक तरुण कॅमेऱ्यात रोखून बघत सांगतो, की वीर्य वाया घालवू नका, चिनी ऋषींना हे दोन हजार वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. तिसरा प्रकार जरा महागडा. त्यात जोडप्यांसाठी वीकेंडचं शिबिर असतं आणि निरोप नेमका उलटा : लाज सोडा, मोकळे व्हा, ताओनं शरीराला कधीच पाप मानलं नाही.

एकाच नावाखाली शांतता, ब्रह्मचर्य आणि मोकळीक, तिन्ही विकलं जातंय. मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. दोन जण एकाच फाइलच्या वेगवेगळ्या आवृत्त्या दाखवायला लागले की आधी हिस्टरी उघडून बघायची, ही आमची सवय. मला चिनी येत नाही. पण इंग्रजी अनुवाद आणि अभ्यासकांची पुस्तकं वाचत मागे मागे गेलो, तर ही हिस्टरी कुठल्याही रीलपेक्षा रंजक निघाली.

सुरुवात एका थडग्यापासून करू. चीनच्या हूनान प्रांतात चांगशा शहराच्या पूर्वेला मावांगदुई नावाची जागा आहे. तिथली तीन नंबरची कबर १९७३च्या अखेरीस उघडली गेली. ती इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद झाली होती, म्हणजे एकवीसशेहून अधिक वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. आत एका सरदारपुत्राबरोबर त्याचं ग्रंथालयच पुरलेलं होतं. रेशमावर लिहिलेल्या लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’च्या दोन प्रती त्यात होत्या. आणि त्याच कबरीत कामजीवनाविषयीच्या पुस्तिकाही होत्या. एकीचं नाव ‘यिन-यांगचं मीलन’, दुसरीचं ‘जगातल्या सर्वोच्च मार्गाविषयी संवाद’.

इथे कुणालाही वाटेल, बघा, ताओ आणि काम पहिल्यापासून एकत्रच होते. पण एका कपाटात सापडलेली दोन पुस्तकं एकाच विषयाची असतात असं नाही. हान राजवटीच्या इतिहासात राजग्रंथालयाची सूची आहे, आणि त्या काळचे चिनी लोक आपल्या पुस्तकांची विभागणी कशी करत, हे तिच्यात चक्क दिसतं. लाओत्से तत्त्वचिंतकांच्या विभागात आहे. ‘शयनगृहातल्या कलां’ची आठ पुस्तकं वेगळ्याच विभागात आहेत, वैद्यकाच्या. तिथेही त्यांच्या एका बाजूला औषधांचे ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला दीर्घायुष्याचे. लाओत्से दरी, पाणी, आई अशा स्त्रीप्रतिमा भरभरून वापरतो, पण शय्येवर काय करावं याची एकही सूचना त्याच्या पुस्तकात नाही. ते काम वैद्यांचं होतं.

या वैद्यकाचा पाया समजला की पुढचं सगळं सोपं होतं. शरीरात ‘छी’ नावाची प्राणशक्ती आहे. तिचं सगळ्यात घट्ट, मौल्यवान रूप म्हणजे ‘चिंग’, आणि पुरुषाच्या बाबतीत ते वीर्यात असतं. जन्मतः मिळालेला साठा मर्यादित. खर्च वाढला तर म्हातारपण लवकर, बचत केली तर आयुष्य लांबतं. पण समागमात जोडीदाराकडून छी मिळतेही, त्यामुळे नीट जमवलं तर खर्च टळून उलट जमा होते. मावांगदुईच्या पुस्तिकेत ‘सात तोटे आणि आठ लाभ’ अशी यादीच आहे. चीनच्या सर्वांत मान्य वैद्यकग्रंथात हे शब्द आलेले आहेत, पण त्यांचा अर्थ काय यावर टीकाकार शतकानुशतकं तर्क लढवत होते. कबरीतल्या पट्ट्या वाचल्यावर उलगडा झाला, की हा शय्येवरचा जमाखर्च आहे.

सातव्या शतकातला थोर वैद्य सुन सिमियाओ याने तर वयानुसार वेळापत्रक दिलं आहे. वीर्यपात विशीत चार दिवसांतून एकदा, तिशीत आठ, चाळिशीत सोळा, पन्नाशीत वीस दिवसांतून एकदा. साठीनंतर बंद, मात्र प्रकृती दणकट असेल तर महिन्यातून एकदा चालेल. वाचताना एखाद्या सहकारी बँकेतला ठेवींचा तक्ता आठवतो. पण हाच सुन सिमियाओ म्हणतो, की जबरदस्तीनं दाबून धरलेलं ब्रह्मचर्य शरीराला अपाय करतं. त्याच्याआधी तीनेकशे वर्षांपूर्वीचा ताओवादी लेखक ग हुंग हेच सांगतो, आणि वर बजावतो की नुसत्या शय्याकलेनं कुणी अमर झालेलं नाही. म्हणजे रीलमधला तरुण ज्यांच्या नावानं शपथा घेतो, त्यांनीच त्याला ‘असं करू नकोस’ म्हटलं असतं.

मग वैद्यांची ही हिशेबवही धर्माच्या हातात कशी आली? इसवी सन १४२ मध्ये सिचुआनमध्ये चांग दाओलिंगला लाओत्सेचा साक्षात्कार झाला आणि ‘दिव्य गुरूं’चा पंथ सुरू झाला, अशी परंपरा आहे. संघटित ताओवादी धर्माची सुरुवात इथून मानतात. या पंथात ‘छींचं एकत्रीकरण’ नावाचा एक विधी होता, आणि त्यात स्त्री-पुरुषाचं मीलन होतं. विरोधकांच्या मते हा निव्वळ स्वैराचार होता. चेन लुआन नावाच्या गणितज्ञानं ५७० मध्ये सम्राटाला ‘ताओवर हसताना’ या नावाचा प्रबंध सादर केला. तरुणपणी आपणही या पंथात होतो असं सांगून त्यानं त्याची यथेच्छ टिंगल केली. सम्राटाला तो आवडला नाही, त्यानं तो दरबारातच जाळायला लावला. बौद्धांनी आपल्या संग्रहात ठेवला म्हणून आज तो वाचता येतो.

सुदैवानं या विधीची एक पोथीही ताओवादी ग्रंथभांडारात टिकून आहे. ती चाळली तर स्वैराचार शोधूनही सापडत नाही. कुठल्या दिशेला तोंड करायचं, किती श्वास मोजायचे, कुठल्या अवयवात कुठल्या देवतेचं ध्यान करायचं, हात कसे गुंफायचे, सगळं ठरलेलं. आपल्याकडे न्यास करणारे गुरुजी आठवावेत इतकी मोजणी. एवढं करून कुणाला मजा येत असेल तर त्याच्या एकाग्रतेला दादच द्यायला हवी.

टीका बाहेरून झाली तशी आतूनही झाली. ४१५ मध्ये खौ छियेनची या ताओवाद्यानं, या विधीतले गैरप्रकार बंद करा असा आपल्याला दैवी आदेश झाल्याचं जाहीर केलं. बाराव्या शतकात वांग छोंगयांगनं ‘संपूर्ण सत्य’ हा पंथ काढला आणि तिथे संन्यास सक्तीचा झाला. त्याच्या सात प्रमुख शिष्यांपैकी मा यू आणि सुन बु-अर हे नवरा-बायको होते. दीक्षेसाठी ते वेगळे झाले आणि पुढे सुन बु-अर स्त्रियांच्या साधनेची आद्य गुरू मानली गेली. मीलनाची भाषा मात्र सुटली नाही. ती शरीराच्या आत गेली : शिसं आणि पारा यांचं लग्न, पोटात वाढणारं अमर बाळ, आणि हे सगळं एकट्यानं डोळे मिटून. आजही दोन्ही घराणी नांदतात. बीजिंगच्या श्वेतमेघ मंदिरातले संन्यासी ब्रह्मचारी असतात, दुसऱ्या मोठ्या परंपरेतले पुरोहित लग्न करून संसार करतात. ‘ताओवाद कामाबद्दल काय सांगतो?’ या प्रश्नाला एक उत्तर चीनमध्येच कधी नव्हतं.

मग आपल्यापर्यंत ‘मुक्त ताओ’ कसा आला? त्याची वाट जपानमधून जाते. शय्याकलेची जुनी पुस्तकं चीनमध्ये हळूहळू गहाळ झाली. पण तांबा यासुयोरी या जपानी राजवैद्यानं ९८४ मध्ये ‘इशिनपो’ हा तीस खंडांचा ग्रंथ दरबारी सादर केला होता, आणि त्याच्या अठ्ठाविसाव्या खंडात त्या पुस्तकांतले उतारे जसेच्या तसे होते. मूळ सर्व्हर बंद पडावा आणि बॅकअप परदेशात सापडावा, तसं. त्या उताऱ्यांवरून ये दहुई या विद्वानानं १९०३ मध्ये ही पुस्तकं पुन्हा जुळवून छापली आणि प्रतिष्ठितांची बोलणी खाल्ली. तो चांगशाचा. १९२७ च्या क्रांतीच्या धामधुमीत त्याला तिथेच मृत्युदंड दिला गेला. आणखी ४६ वर्षं जगला असता, म्हणजे शंभरी ओलांडली असती, तर त्यानं जुळवलेल्या पुस्तकांच्याही आधीची पुस्तकं त्याच्याच गावात जमिनीतून वर येताना त्याला दिसली असती.

पुढचं पात्र डच. रॉबर्ट व्हॅन गुलिक राजनैतिक अधिकारी होता, न्यायाधीश डी याच्या रहस्यकथा लिहायचा आणि संस्कृतही जाणायचा. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीया’चा त्यानं डचमध्ये अनुवाद केला होता. त्याच्या एका रहस्यकथेच्या मुखपृष्ठावर जपानी प्रकाशकाला नग्न स्त्री हवी होती. चिनी परंपरेत अशी चित्रं आहेत का, हे शोधायला तो निघाला आणि मिंग काळातल्या शृंगारचित्रांपाशी पोहोचला. १९५१ मध्ये त्यानं त्यावरच्या ग्रंथाच्या फक्त ५० प्रती काढून ग्रंथालयांना वाटल्या. त्यानंतर त्याची नेमणूक दिल्लीला झाली. १९६१ मध्ये त्याचा प्राचीन चीनमधल्या कामजीवनावरचा मोठा ग्रंथ आला. चिनी आणि भारतीय तंत्रमार्गांचं नातं तपासणारं परिशिष्ट त्यात आहे. नको तितके स्पष्ट उतारे त्यानं लॅटिनमध्ये ठेवले, म्हणजे ते फक्त सभ्य माणसांनाच कळावेत!

याच दोन ग्रंथांच्या मधल्या काळात या विषयातला कळीचा वाद झाला. १९५१ मध्ये व्हॅन गुलिकनं ताओवादी शय्याकलेला, पुरुषानं स्त्रीची शक्ती शोषून घेण्याचा, म्हणजे जवळजवळ पिशाच्चाचा प्रकार म्हटलं होतं. चिनी विज्ञानाचा इतिहासकार जोसेफ नीडहॅम याला ते पटलं नाही. १९५६ मध्ये त्यानं लिहिलं, की ताओवादानं उलट स्त्रीला मान दिला. व्हॅन गुलिकनं नंतरच्या ग्रंथात माघार घेतली. १९७७ मध्ये जोलान चांगचं ‘द ताओ ऑफ लव्ह अँड सेक्स’ हे लोकप्रिय पुस्तक आलं, आणि त्याला प्रस्तावना होती नीडहॅमची. व्हिक्टोरियन लाजेला कंटाळलेल्या पाश्चात्त्यांना पूर्वेकडून परवानापत्र हवं होतं, ते मिळालं.

हा परवाना पुण्यातही पोहोचला होता. १९७५ मध्ये रजनीशांनी कोरेगाव पार्कातल्या आश्रमात लाओत्सेवर व्याख्यानमाला दिली, १९७८ मध्ये ‘सुवर्णपुष्पाचं रहस्य’ या ताओवादी ग्रंथावर. श्रोत्यांत पाश्चात्त्यांची मोठी गर्दी. तो ग्रंथ जगाला माहीत झाला तो १९२९ च्या जर्मन अनुवादामुळे आणि त्यावरच्या कार्ल युंगच्या भाष्यामुळे. आहे तो एकट्यानं बसून करायच्या ध्यानाचा. चीन, जर्मनी, पुणे असा प्रवास करत तो अशा ठिकाणी आला, जिथे जगभरचे तरुण लैंगिक मुक्ती शोधायला जमले होते.

आता मला सतावणारा भाग. ‘इशिनपो’तले उतारे वाचताना मुक्तीची कल्पना फार टिकत नाही. स्त्रीच्या सुखाचं वर्णन त्यात बारकाईनं आहे : तिचा श्वास, आवाज, अंगाची हालचाल, सगळं ओळखायला शिकवलंय. पण का? तर ती तृप्त झाली की तिची छी सुटते आणि पुरुषाला घेता येते म्हणून. जोडीदारीण वारंवार बदला, कारण एकीचीच छी घेत राहिलं तर ती क्षीण होते. आणि या कलेची बाईला कुणकुण लागू देऊ नका, असं एका पुस्तकात बजावलेलं आहे. का, तेही तिथेच समजतं : पश्चिमेची राणीमाता ही देवी याच युक्तीनं तरुण पुरुषांची छी घेऊन अमर झाली. म्हणजे विद्या दोघांनाही चालणारी होती. वही मात्र एकाच्याच हातात ठेवायची होती.

नीडहॅमचा मोठेपणा मान्य करूनही, मला व्हॅन गुलिकचं पहिलं मत या उताऱ्यांच्या जास्त जवळचं वाटतं. १९९४ मध्ये शार्लट फर्थ या इतिहासकार बाईंनी दोघांच्याही पलीकडचा मुद्दा मांडला : ही पुस्तकं शृंगाराची समजून वाचणं हीच आधुनिक सवय आहे, ती दीर्घायुष्य आणि वंशवृद्धी यांच्या वैद्यकात बसतात. हान ग्रंथपालानं दोन हजार वर्षांपूर्वी केलेली विभागणी अशी परत आली.

याचं आज काय करायचं? वीर्य गेलं की ताकद गेली ही भीती आपल्याकडेही जुनी आहे. आपले मानसोपचारतज्ज्ञ तिला ‘धात सिंड्रोम’ म्हणतात, चीनमध्ये तिचा भाऊ ‘शेनखुई’ आहे. दोन्हींमध्ये धडधाकट तरुण मुलगे थकवा आणि अपराधीपणा घेऊन डॉक्टरकडे जातात. त्यांना प्राचीन चीनचा हवाला देऊन आणखी घाबरवणं हा रीलचा धंदा आहे. होस्टेलवर अशी मुलं मी पाहिली आहेत. रात्री झोप उडालेली, दिवस मोजत बसलेली, आणि कुणाशी बोलायची चोरी.

पण परंपरा वेगळ्या तऱ्हेनंही वापरता येते. अठराव्या शतकातल्या युआन मेईच्या कथासंग्रहात फूच्येनमधल्या हू तियानबाओची गोष्ट आहे. एका देखण्या अधिकाऱ्यावर भाळला म्हणून त्याचा जीव घेतला गेला, आणि मेल्यावर तो पुरुषांवर प्रेम करणाऱ्या पुरुषांचा देव झाला : ससा-देव. २००६ मध्ये तैवानमधल्या एका ताओवादी पुरोहितानं न्यू तैपेईत या देवाचं मंदिर सुरू केलं. मे २०१९ मध्ये तैवाननं समलिंगी विवाहाला मान्यता दिली, आशियात सर्वांत आधी. कायदा काही देवानं आणला नाही, तो चळवळीनं, न्यायालयानं आणि संसदेनं आणला. पण त्या मंदिरात जोडीदार मागायला येणाऱ्या मुलाला आपला धर्म सोडावा लागत नाही.

ही गोष्टही आजच्या गरजेनं उचललेलीच आहे. फरक एवढाच, की तिच्यात कुणाचीतरी छी दुसऱ्याच्या खात्यात वळती होत नाही. पुढच्या वेळी कुणी ‘ताओचं प्राचीन रहस्य’ विकायला आलं, तर ते किती जुनं आहे हे विचारायच्या आधी मी त्याची वही मागेन, आणि तिच्यात समोरच्या माणसाचं नाव कुठल्या रकान्यात लिहिलंय ते पाहीन.