नळीवरचा लेप

परवा बोळिंजला मामाकडे गेलो होतो. ऑपरेशननंतर त्याला लघवीच्या नळीसकट घरी पाठवलंय. मला बघताच म्हणाला, "तू इंजिनियर ना रे? या नळीला अँटिबायोटिकचा लेपच का नाही लावत, म्हणजे इन्फेक्शनची भीतीच नको?" आता आयटीवाल्याला काय कळणार! पण प्रश्न डोक्यात राहिला आणि शनिवारभर वाचत बसलो.

मंडळी, लेप लावतात की! आत फुगा असलेली ही नळी 1930च्या दशकात अमेरिकेतल्या फ्रेडरिक फोलीने वापरात आणली. सोय मोठी, पण जंतूंना आत जायला रस्ताही मिळाला. ते नळीवर चिकट थर करून राहतात (बायोफिल्म म्हणतात त्याला) आणि या थरातल्या जंतूंवर औषध नीट चालत नाही. मग 1990च्या दशकात ह्यूस्टनच्या राद आणि दारूइश या डॉक्टरांनी शिरेत घालायच्या नळीलाच मिनोसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन लावलं. रिफॅम्पिसिन म्हणजे लघवी लाल करणारं ते टीबीचं औषध. 1999च्या चाचणीत जंतुनाशक लावलेल्या दुसऱ्या नळीमुळे 3.4% वेळा रक्तात संसर्ग झाला, या नळीमुळे फक्त 0.3%. क्या बात है!

पण मामाची नळी लघवीची. तिची मोठी चाचणी ब्रिटनमधल्या 24 रुग्णालयांत झाली, निकाल 2012 साली आला. थोडे दिवस ठेवायच्या साध्या नळीत संसर्ग 12.6%, चांदीच्या लेपाने 12.5%, नायट्रोफ्युराझोनच्या लेपाने 10.6%. एवढ्याशा फरकासाठी सरसकट लेप लावण्यात अर्थ नाही, असं ठरलं.

आपल्याकडे 2007 साली 7 शहरांतल्या 12 आयसीयूंचा अभ्यास छापून आला, त्यात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयाचे डॉक्टरही होते. शिरेतल्या नळीचे रक्तसंसर्ग 1000 'नळी-दिवसां'मागे 7.92 निघाले. गंमत म्हणजे उत्तर या मोजमापातच आहे. प्रश्न नुसता नळीचा नाही, ती किती दिवस राहिली त्याचा आहे. अमेरिकेत मिशिगनच्या आयसीयूंनी हात धुणं, त्वचा नीट निर्जंतुक करणं, गरज संपली की नळी काढणं असल्या साध्या यादीवर भर दिला आणि हे संसर्ग 66 टक्क्यांपर्यंत कमी झाले. तो निकाल 2006चा.

मामाला फोन करून सांगितलं, "लेपाचं सोड. सोमवारी डॉक्टरांना एवढंच विचार, नळी अजून लागतेय का?"

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत पिशवी कमरेच्या खाली ठेव. आणि हात लावायच्या आधी साबण!"

असो. लेपापेक्षा हे स्वस्त आहे.