पंजाब 1947: गाव राखणे आणि काफिला राखणे

1947 च्या पंजाबात लष्कर कमी पडले, हा आरोप जुना आहे आणि बऱ्याच अंशी खराही. 1 ऑगस्टला मेजर जनरल रीस यांच्या हाताखाली पंजाब सरहद्द दल उभे राहिले. 12 जिल्हे आणि जवळपास दीड कोटीची वस्ती त्याच्या गळ्यात पडली. 50 हजारांचे म्हणून गाजलेले हे दल प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्याच आसपास होते. म्हणजे साधारण सहाशे माणसांमागे एक शिपाई. महिनाभरात ते बरखास्त झाले. सगळा दोष मनुष्यबळाच्या तुटवड्यावर टाकणे सोपे आहे. पण पुढच्या दोनेक महिन्यांत त्याच प्रांतातून सैनिकांच्या पहाऱ्यात लाखो लोक सीमेपार गेले. फरक संख्येपेक्षा सोपवलेल्या कामात होता. गाव राखायचे तर ठाणे, लंबरदार (गावचा पाटील), कचेरी, शेजार, सगळेच जागेवर लागते. ते कोसळल्यावर शिपाई एकटा पुरत नाही. चालत्या माणसांना मात्र तो राखू शकतो.

भारताच्या लष्करी स्थलांतर संघटनेचे मुख्यालय अमृतसरला होते आणि सूत्रे मेजर जनरल चिमनी यांच्याकडे. 27 ऑगस्ट ते 6 नोव्हेंबर या काळात 673 रेल्वेगाड्यांनी सुमारे 23 लाख माणसे हलवली. खरी कसोटी लागली ती पायी काफिल्यांत. हजारो माणसे, गुरे, बैलगाड्यांवर रचलेली खाटा-भांडी, आणि सगळ्यांची गती बैलाच्या चालीची. रांग मैलोगणती लांब, पहारा विरळ, दोन्ही बाजूंना माणूस सहज दडेल अशी उसाची उभी पिके. पूल आला की रांग तुंबे आणि हल्ल्याची भीती वाढे. अन्न आणि पटकीची लस विमानाने पोचवावी लागली. 18 सप्टेंबर ते 29 ऑक्टोबरदरम्यान साडेआठ लाखांच्या घरात लोक असे चालत भारतात आले.

यावर कोणी म्हणेल, लोक आधीच पळत होते, लष्कराने फक्त जीव वाचवले. जीव वाचवले हे निर्विवाद. पण गाड्यांचे वेळापत्रक एकदा बसले की, दबकून राहिलेल्या वस्तीला संरक्षण देण्यापेक्षा तिला काफिल्यात घालणे प्रशासनाला सोयीचे झाले. दुसरा शेवट अशक्य नव्हता. मेवातमधल्या घासेडा गावी 19 डिसेंबरला गांधीजींनी मेव मुसलमानांना न जाण्याची विनवणी केली, आणि बरेच मेव राहिले. हे काम बंदुकीचे नव्हतेच.

सैनिक तरी निःपक्षपाती कुठे होते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. पंजाबी शिपायाचे स्वतःचेच घरदार या वणव्यात सापडले होते; त्याच्याकडून तटस्थतेची अपेक्षा म्हणजे जरा अतीच. म्हणून बाहेरच्या पलटणींचे मोल वाढले. 1941 साली बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या तिन्ही बटालियन सरहद्द दलात होत्या आणि निर्वासितांच्या पहाऱ्यावरही त्यांनी काम केले. तरीही कोणाला आणायचे, हे पलटणीच्या हाती नव्हते. अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली पाकिस्तान दलित सफाई कामगारांना अडवून ठेवत असल्याची तक्रार डॉ. आंबेडकरांना त्याच डिसेंबरात नेहरूंकडे लेखी करावी लागली.