जादूविना साहस : ब्राउनस्टाइन गावाची हकीकत

भूमिकाखेळ, म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायचा खेळ, म्हटला की आज कोणाच्याही डोळ्यांपुढे अंधारी तळघरे, अक्राळविक्राळ राक्षस, मंत्र पुटपुटणारे जादूगार आणि खजिन्यावर वेटोळे घालून बसलेले आग ओकणारे सर्प उभे राहतात. आणि चार स्नेही टेबलाभोवती जमवून, जादू सर्वस्वी वर्ज्य करून, आपल्याच काळातील व आपल्याच जगातील माणसांची साहसे खेळावीत असे ज्याच्या मनात येते, त्याची पहिली तक्रार बहुधा अशी असते की, राक्षस वगळल्यावर खेळात उरते काय आणि साहस आणावे कोठून? या तक्रारीचे उत्तर इतिहासाकडेच मागणे मला उचित वाटते; कारण हा खेळ जन्मास आला तेव्हा त्यात राक्षस नव्हता आणि मंत्रही नव्हता. होते ते एक गाव, आणि एकमेकांच्या आड येणारे हेतू मनात बाळगून त्या गावात वावरणारी सामान्य माणसे.

खेळाची वंशावळ थोडक्यात सांगण्यासारखी आहे. आपल्या देशातील चतुरंग इराण व अरबस्तान या मार्गाने युरोपात पोहोचून तेथील बुद्धिबळ झाला, आणि त्या बुद्धिबळाचा पट वाढवून 1780 साली ब्रन्सविक येथील हेल्विग नावाच्या पंडिताने त्यावर युद्धाचा खेळ मांडला. पुढे प्रशियातील फॉन राइस्वित्झ पितापुत्रांनी पटावरील घरे टाकून देऊन खऱ्या भूप्रदेशाचा नकाशा आणला. मुलाने 1824 साली प्रसिद्ध केलेल्या नियमांत फासे होते आणि दोन्ही पक्षांच्या आज्ञा ऐकून निकाल देणारा एक पंचही होता. नियमांचे जंजाळ इतके वाढले, की 1876 साली व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने अनुभवी पंचाची विवेकबुद्धी हाच मुख्य नियम मानावा असा पक्ष मांडला. अमेरिकेत टॉटन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1880 साली ‘स्ट्रॅटेगॉस’ हा ग्रंथ लिहिला. त्यातही पंचाचा अधिकार असाच थोर होता, आणि खेळाडूला जे सुचेल ते करून पाहण्याची मुभा होती. तो ग्रंथ पुढे मिनेसोटा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पडून राहिला.

तेथे तो डेव्हिड वेस्ली या तरुणाच्या हाती लागला. मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळांचा नाद असलेल्या मंडळींचा एक संघ होता आणि वेस्ली त्यातलाच. 1969च्या सुमारास त्याने नेपोलियनच्या काळातील ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव रचले. दोन सेना त्या गावावर चालून येणार होत्या. परंतु खेळायला जमलेली माणसे दोनांहून पुष्कळच अधिक असल्यामुळे उरलेल्यांच्या हाती काहीतरी द्यावे, म्हणून त्याने एकाला नगराध्यक्ष केले, एकाला पेढीवाला, एकाला विद्यापीठाचा कुलगुरू, आणि प्रत्येकाला त्याचे त्याचे गुप्त उद्दिष्ट नेमून दिले. एकेकाला बाजूला बोलावून त्याची आज्ञा ऐकावी आणि मग सर्वांचा मेळ घालावा असा त्याचा बेत होता. प्रत्यक्षात घडले ते निराळेच. पंच आत एकाशी बोलत असता बाहेरची मंडळी परस्परांत कुजबुजू लागली, सौदे झाले, वचने दिली गेली आणि मोडलीही. इतकेच नव्हे तर दोघे जण पंचापाशी येऊन म्हणाले की आमचे द्वंद्व ठरले आहे, त्याचा निकाल द्या. द्वंद्वाचा नियम वेस्लीने लिहिलाच नव्हता; तो त्याला त्या क्षणी उभ्या उभ्या बनवावा लागला. सेना राहिल्या बाजूला, आणि आपला खेळ साफ फसला अशी खिन्न समजूत करून घेऊन वेस्ली घरी गेला. खेळाडू मात्र पुन्हा केव्हा, पुन्हा केव्हा, असे विचारीत राहिले.

या प्रसंगाचे मोल मला फार वाटते. आणि त्याहूनही बोधप्रद आहे ते त्यानंतरचे. झालेला गोंधळ हा दोष समजून वेस्लीने पुढच्या दोन खेळांत लगाम आखडला, कुजबुजीला बंदी केली, आणि ते दोन्ही खेळ निर्जीव ठरले. चौथ्या वेळी त्याने लगाम सोडला, आणि काळही जवळचा घेतला : लॅटिन अमेरिकेतील एक डळमळीत प्रजासत्ताक, त्यातील सेनाधिकारी, पोलीस आणि क्रांतिकारक विद्यार्थी. डेव्ह आर्नेसन या खेळाडूच्या वाट्याला शांततावादी विद्यार्थ्याची भूमिका आली होती. पत्रके वाटावीत एवढेच त्याचे उद्दिष्ट. परंतु तो येताना अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचे एक बनावट ओळखपत्र तयार करूनच आला, आणि आपण खरे तर त्या खात्याचेच माणूस आहोत अशी त्याने एकेकाची खातरी पटवली. खेळ संपला तेव्हा राष्ट्राचा खजिना घेऊन तो हेलिकॉप्टरमधून निघून चालला होता, आणि जाता जाता राजधानीवर पत्रकांचा वर्षाव करीत होता. या साऱ्या पराक्रमात एकही अलौकिक वस्तू नाही. एक कागदाचा तुकडा, थोडे धारिष्ट आणि दुसऱ्याच्या लोभाची अचूक पारख, एवढ्या सामग्रीवर ते साहस उभे राहिले.

मग राक्षस आले कोठून? 1970 साली वेस्ली लष्करी सेवेत रुजू झाला, आणि 1971 साली आर्नेसनने ‘ब्लॅकमूर’ नावाचा आपला खेळ मांडला, तेव्हा त्याने त्याला मध्ययुगीन ब्राउनस्टाइन असेच म्हटले होते. त्यातील किल्ल्याखालची तळघरे लोकप्रिय झाली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सशी सहकार्य होऊन 1974 साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पहिल्या एक हजार पेट्या बाहेर पडल्या, आणि पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. तळघराच्या विजयाचे कारण माझ्या मते राक्षसांत कमी आणि भिंतींत अधिक आहे. तळघराला भिंती असतात. एका दालनातून दुसऱ्याच दालनात जाता येते, त्यामुळे खेळ चालवणाऱ्या सूत्रधाराला आज रात्री काय तयार ठेवावे ते आधीच कळते. आधुनिक शहरात मात्र रस्ते दाही दिशांना फुटतात, प्रत्येकाच्या हाताशी दूरध्वनी असतो, आणि पहिली गोळी सुटताच पोलीस चौकीत वर्दी जाते. जादू नसलेल्या खेळाची खरी अडचण ही आहे, आणि त्या खेळांच्या पुढील रचनाकारांनी भिंतींच्या जागी काय आणले ते पाहण्यासारखे आहे.

काहींनी हुकूम आणला. मर्ल रासमुसेन याच्या ‘टॉप सीक्रेट’ या 1980च्या खेळात खेळाडू हेरखात्याचे नोकर असून हत्या, जप्ती आणि तपास अशा तीन शाखांत विभागलेले असतात. काय करावे हा प्रश्न कामगिरीच सोडवते. त्याच्या पेटीत जे तयार साहस होते, ते म्हणजे पुन्हा एका वस्तीचा नकाशा, तीतील इमारती आणि त्यांतील माणसे; ब्राउनस्टाइनच नव्या वेषात परत आले म्हणा ना. या खेळाच्या चाचणीच्या वेळी लिहिलेला एका खुनाच्या कटाचा कागद भलत्याच हाती पडून एफबीआयची माणसे प्रकाशकांच्या दारी चौकशीस आली, अशी हकीकत त्या वर्तुळात सांगतात. जेम्स बाँडच्या 1983च्या खेळात चित्रपटांचीच कथानके घेतली, परंतु चित्रपट पाहून आलेला खेळाडू फसावा म्हणून मोक्याच्या जागी ती फिरवून ठेवली. ही युक्ती कोणत्याही वर्तमानपत्री बातमीला लागू पडेल. ‘ट्वायलाइट 2000’ने 1984 साली हुकूमही काढून घेतला : पोलंडमधील कालीश शहराजवळ सैन्याची वाताहत झालेली, वरिष्ठांचा पत्ता नाही, आणि गाडीसाठी इंधन हवे तर मद्यार्क स्वतः गाळावा लागतो. तेथे गरज हीच भिंत झाली. आणि ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातील खेळासाठी 1980 साली निघालेल्या एका पुस्तिकेत काम सांगणारे शहात्तर यजमान वर्णिले होते. प्रत्येकाची खेळाडूंना दिसणारी बाजू एक, आणि त्यामागचे सत्य मात्र अनेक पर्यायांतून फाशाने ठरायचे. या विषयावरचे इतके उपयुक्त पुस्तक मला दुसरे ठाऊक नाही.

आपल्याकडील वतनांच्या तंट्यांचे महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे सारे ओळखीचे वाटेल : पाटीलकीवर हक्क सांगणारे दोन भाऊबंद, प्रत्येकाची कैफियत, साक्षीला आलेले बलुतेदार, आणि निवाड्याला बसलेले गोत. तेथेही नाट्य उभे राहते ते प्रत्येकाला काही तरी हवे असते आणि ते सर्वांना मिळू शकत नाही म्हणून.

तेव्हा ज्याला साहस हवे आहे त्याने आपल्या तालुक्याच्या गावाचा नकाशा घ्यावा, सहा माणसांची नावे लिहावीत, प्रत्येकापुढे त्याला काय हवे आणि ते कोणाच्या हाती आहे एवढेच टिपावे, ते टिपण ज्याचे त्याला गुपचूप द्यावे, आणि बाहेरच्या खोलीत कुजबुज सुरू झाली तर ती थांबवू नये.