रेवाचिनी : मूळ, देंठ आणि पान



काष्ठौषधींच्या दुकानांत एका कडू, पिवळसर मुळाचे तुकडे मिळतात. त्यांस रेवाचिनी म्हणतात, इंग्रजींत रूबार्ब. आमच्या लहानपणीं कोणाचें पोट बिघडलें कीं हें नांव निघे, आणि आम्ही मुलें परसांत पसार होत असूं.

दालचिनीप्रमाणेंच या नांवांतही चीन दडलेला आहे. कारण उत्तम रेवाचिनी शतकानुशतकें तेथूनच येत असे. तेराव्या शतकांत मार्को पोलोनें तंगुत प्रांतांतील डोंगरांत ती विपुल होते असें नमूद केलें आहे. या मुळांत रेचक द्रव्यें आहेत, तशीं स्तंभकही आहेत. म्हणून तें आधीं कोठा साफ करतें आणि मग आवळून धरतें. अशा दुहेरी गुणाच्या औषधाला युरोपांत मोठा भाव आला. १७२७ सालीं रशिया व चीन यांच्यांत तह झाल्यावर क्याख्ता या सरहद्दीवरील गांवीं हा व्यापार भरभराटला. तेथें रशियन सरकारचे परीक्षक तुकड्यांना भोंक पाडून, आंतून माल किडका तर नाहीं ना, हें पाहात.

या मागणीमुळें चीनमध्यें एक विलक्षण समजूत रुजली : परदेशी लोकांना चहा व रेवाचिनी मिळाली नाहीं तर ते प्राणास मुकतील! अफूचा व्यापार मोडण्यासाठीं कँटनला आलेला लिन त्से-शू हा मोठा विद्वान व सचोटीचा अधिकारी. त्यानें १८३९ सालीं व्हिक्टोरिया राणीला लिहिलेल्या पत्रांतही, या जिन्नसांवांचून परदेशी लोकांचें एक दिवसही चालणार नाहीं, असा आशय आहे. अफूविषयीं त्याचें म्हणणें सर्वस्वीं न्याय्य होतें. रेवाचिनीविषयींचें मात्र निव्वळ ऐकीव.

गंमत अशी कीं, इंग्रज लोक तोंवर या कुळांतील झाडांचे देंठ खाऊं लागले होते. हे देंठ चुक्यासारखे आंबट. वनस्पतिशास्त्राप्रमाणें चुका हा रेवाचिनीचा भाऊबंदच. १८१७ च्या सुमारास लंडनच्या चेल्सी औषधीबागेंत कांहीं रोपें चुकून मातीखालीं गाडलीं गेलीं; उकरून पाहतात तों आंत कोंवळे, चवदार देंठ! पुढें साखर स्वस्त झाली आणि घरोघर त्यांचे गोड पदार्थ होऊं लागले. यॉर्कशायरांत आजही शेतांत दोन वर्षें वाढविलेले गड्डे हिंवाळ्यांत उबदार, काळोख्या कोठारांत आणून ठेवतात, आणि देंठ मेणबत्तीच्या उजेडांत तोडतात.

पण देंठ खाद्य म्हणून पानही खाद्य, हा तर्क प्राणघातक ठरला. पहिल्या महायुद्धांत अन्नाची टंचाई पडली तेव्हां, १९१७ च्या सुमारास, ब्रिटनमध्यें हीं पानें पालेभाजी म्हणून खावीं असा सल्ला लोकांना देण्यांत आला. तो मानणाऱ्यांपैकीं कांहींना विषबाधा झाली आणि मृत्यूही ओढवला. पानांत ऑक्झॅलिक आम्ल फार असतें. अळूची खाज आपण चिंच घालून मारतों. येथें चिंचही कामास येत नाहीं आणि उकळणेंही नाहीं. लिनच्या समजुतीनें कोणा इंग्रजाचें पोट दुखलें नाहीं. हा सल्ला मात्र भुकेल्या घरांतल्या ताटांत जाऊन पडला. जाणते लोक आतां देंठ घरीं आणतांच उरलेलें पान छाटून टाकतात, आणि मूतखड्याच्या रोग्यास डॉक्टर देंठही बेतानेंच खावयास सांगतात.