बाइकसाठी इंजिन ऑइल कसं निवडावं? ऑइल बदलण्याआधी फ्लश आणि ॲडिटिव्ह टाकावं का?

दूध पोहोचवणं असो, भाजीची फेरी असो, डिलिव्हरीचं काम असो की मुलांना शाळेत सोडणं, आपल्या बहुतेक घरांत बाइक ही शौकाची चीज नाही, रोजीचं साधन आहे. इंजिनचं काम निघालं की गाडी गॅरेजला पडून राहते, रोजचा धंदा बुडतो आणि वरून बिल येतं. यातली बरीचशी कामं चुकीच्या किंवा वेळेवर न बदललेल्या ऑइलमुळे निघतात. दुसरीकडे ऑइल बदलायला गेलं की काउंटरवर आणखी एखादी छोटी बाटली पुढे केली जाते: "हे टाका, इंजिन आतून साफ होईल." ती घ्यावी की नको? आणि मुळात ऑइल कोणतं घ्यावं? याची माहिती इथे एकत्र देत आहोत.

बाइकचं ऑइल कारच्या ऑइलपेक्षा वेगळं का?

कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं असतं. आपल्याकडच्या बहुतेक गिअरच्या बाइकमध्ये मात्र इंजिन, गिअर आणि क्लच प्लेट हे तिन्ही एकाच ऑइलमध्ये चालतात. म्हणजे त्याच ऑइलने पिस्टनला वंगण द्यायचं, गिअरचे दाते सांभाळायचे आणि क्लच प्लेट घसरूही द्यायच्या नाहीत.

इथेच गोम आहे. कारच्या नव्या ऑइलमध्ये पेट्रोल वाचावं म्हणून घर्षण कमी करणारी रसायनं घातलेली असतात. इंजिनला ती चालतात, पण बाइकच्या क्लचला घर्षण हवंच असतं. असं ऑइल बाइकमध्ये गेलं की रेस दिली तरी गाडी उचलत नाही, चढावर इंजिन नुसतं ओरडतं आणि क्लच प्लेट जळायला लागतात. म्हणून "कारचं महागडं सिंथेटिक आहे, बाइकलाही चांगलंच" हा हिशेब चुकीचा आहे.

बाटलीवर काय वाचायचं?

कंपनीचं नाव आणि चित्र यापेक्षा तीन खुणा महत्त्वाच्या आहेत.

१) ग्रेड, म्हणजे ऑइलचा जाडपणा. उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, १५डब्ल्यू-५०. डब्ल्यूच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहतं ते सांगतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सियसला, म्हणजे इंजिन तापल्यावर, ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. स्प्लेंडर आणि शाइनसारख्या गाड्यांना आता कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते, रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसीला १५डब्ल्यू-५०. एकाच नावाच्या जुन्या आणि नव्या मॉडेलचा ग्रेड वेगळा असू शकतो, म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेतलाच ग्रेड धरायचा.

"आपल्याकडे ऊन फार, म्हणून जाड ऑइल टाका" असं सर्रास सांगितलं जातं. पण कंपनीने हा ग्रेड याच देशाच्या हवामानासाठी ठरवलेला असतो. गरजेपेक्षा जाड ऑइल सकाळी वरच्या भागात उशिरा पोहोचतं, इंजिनला जड जातं आणि ॲव्हरेजही कमी होतं.

२) एपीआयचा दर्जा. एसएल, एसएम, एसएन अशी अक्षरं असतात. दुसरं अक्षर जितकं पुढचं, तितका दर्जा नवा. पुस्तिकेत जो लिहिला आहे तो किंवा त्याच्या पुढचा चालतो, पण बाइकसाठी तिसरी खूण जुळत असेल तरच.

३) जासोची खूण. क्लचचा प्रश्न वाढला तेव्हा जपानच्या जासो संस्थेने १९९८ मध्ये दुचाकीच्या ऑइलसाठी टी-९०३ हे वेगळं मानक आणलं. त्यात 'एमए' म्हणजे ऑइलमध्ये बुडालेला क्लच असलेल्या गाड्यांसाठीचं ऑइल. २००६ मध्ये त्याचे एमए१ आणि एमए२ असे भाग झाले. एमए२ मध्ये क्लचची पकड जास्त चांगली राहते. 'एमबी' हे कमी घर्षणाचं ऑइल असून ते ॲक्टिव्हा, ज्युपिटरसारख्या बिनगिअरच्या स्कूटरसाठी आहे, कारण त्यांचा क्लच इंजिनच्या ऑइलमध्ये नसतो.

लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच: गिअरच्या बाइकला एमए किंवा एमए२, स्कूटरला एमबी. स्कूटरमध्ये चुकून एमए पडलं तर फारसं बिघडत नाही, ॲव्हरेजमध्ये थोडा फरक पडेल. पण बाइकमध्ये एमबी पडलं तर क्लच घसरू शकतो. घरात बाइक आणि स्कूटर दोन्ही असतील तर एकाची उरलेली बाटली दुसऱ्यात ओतू नका. स्कूटरच्या मागच्या चाकाजवळच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं, तेही वेळेवर बदलून घ्या.

मिनरल, सेमी की सिंथेटिक?

सिंथेटिक ऑइल उष्णतेत जास्त टिकतं. दिवसभर गाडी फिरवणाऱ्यांना आणि मोठ्या इंजिनांना त्याचा फायदा आहे. पण १००-१२५ सीसीच्या घरगुती गाडीला वरच्या तीन खुणा जुळणारं साधं मिनरल किंवा सेमी सिंथेटिक ऑइल पुरतं. महाग ऑइल टाकून मुदतीपेक्षा दुप्पट चालवण्यापेक्षा साधं ऑइल वेळेवर बदलणं कधीही बरं.

फ्लश आणि ॲडिटिव्ह: खरंच गरज आहे का?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. चांगल्या ऑइलमध्ये कंपनीनेच ॲडिटिव्ह घातलेले असतात. मळ धुणारे, तो तरंगत ठेवणारे, झीज थांबवणारे, गंज रोखणारे. त्यांचं प्रमाण मोजून ठरवलेलं असतं. ऑइल काळं पडतं ते बहुतेक वेळा त्यामुळेच, म्हणजे ते आपलं सफाईचं काम करत असतं. काळं ऑइल म्हणजे लगेच खराब ऑइल असं नाही.

आता बाजारात मिळणाऱ्या बाटल्यांकडे पाहू.

इंजिन फ्लश. जुनं ऑइल काढण्याआधी ते इंजिनमध्ये टाकतात, गाडी उभ्यानेच पाच-दहा मिनिटं चालू ठेवतात आणि सगळं काढून टाकतात. त्यातलं द्रावण मळ सोडवतं, पण तेवढा वेळ ऑइलही पातळ करतं. म्हणून फ्लश टाकून गाडी चालवणं किंवा रेस करणं धोक्याचं आहे. वेळेवर ऑइल बदललेल्या गाडीला फ्लशची गरजच नाही. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत तर धोका आणखी आहे. आत चिकटलेला गाळ एकदम सुटतो आणि ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन अडकतो. पंपाला ऑइल मिळालं नाही की वरचा कॅम कोरडा पडतो.

रॉकेल किंवा डिझेलने इंजिन धुणं. जुनी पद्धत आहे, पण सोडून द्यायला हवी. रॉकेलमध्ये वंगण जवळपास नाही आणि ते पूर्ण निघतही नाही. कोपऱ्यांत राहिलेलं रॉकेल नव्या ऑइलला पातळ करतं.

घर्षण कमी करणारी 'ट्रीटमेंट'. बाइकमध्ये ही अजिबात नको, कारण तेच ऑइल क्लचला लागतं. अशा बाटल्यांचे दावेही तपासून पाहावेत. अमेरिकेत 'स्लिक ५०' नावाचं ॲडिटिव्ह खूप विकलं जायचं. इंजिनची झीज कमी होते या त्याच्या जाहिरातींना पुरेसा आधार नाही म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये कारवाई केली आणि पुढच्या वर्षी तडजोड होऊन असे दावे बंद करावे लागले.

धूर थांबवणारं जाड ॲडिटिव्ह. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंग, बोअर किंवा व्हॉल्व्हचं सील झिजलेलं असतं. जाड ॲडिटिव्हने धूर काही दिवस दबतो, दुखणं तसंच राहतं. जुनी गाडी घेताना हे खास ध्यानात ठेवा. आणि विकताना ऐब लपवण्यासाठी ते टाकणं ही सरळ फसवणूक आहे, अशा पैशात बरकत कशी राहील?

मग जुनी, मळलेली गाडी साफ कशी करायची?

सगळ्यात भरवशाचा मार्ग ऑइलचाच आहे. योग्य ग्रेडचं साधं ऑइल भरा, ३००-५०० किलोमीटर चालवा, बदला. गरज वाटली तर पुन्हा एकदा तसंच करा. मळ हळूहळू, न अडकता निघतो. सोबत जाळी साफ करून घ्या. स्प्लेंडरसारख्या इंजिनांत कागदी फिल्टर नसतो, ऑइल फिरवून गाळ वेगळा करणारा फिल्टर आणि जाळी असते. ती साफ करायला बाजूचं कव्हर उघडावं लागतं, म्हणून मिस्त्रीला तसं स्पष्ट सांगा. पल्सरसारख्या गाड्यांत कागदी फिल्टर असतो, तो नवाच टाकायचा.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली तर प्रश्न वेगळा. ऑइल चहासारखं दुधट दिसलं तर आत पाणी शिरलंय. किक किंवा सेल्फ मारू नका. गाडी ढकलत गॅरेजला न्या, ऑइल काढा, ताजं भरा, थोडं चालवून पुन्हा बदला.

ऑइल बदलताना

- इंजिन कोमट असताना ऑइल काढा. पातळ असल्याने मळासकट निघतं.
- बोल्टचा वायसर दबलेला असेल तर नवा घ्या. बोल्ट जोर लावून आवळू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात.
- पुस्तिकेत लिहिलंय तेवढंच ऑइल भरा. बाटली ९०० मिलीची आहे म्हणून सगळी ओतायची असं नाही.
- गाडी डबल स्टँडवर उभी करा, थोडा वेळ चालू करून बंद करा, दोन-तीन मिनिटांनी पट्टी पाहा. बऱ्याच गाड्यांत पट्टी न आवळता नुसती टेकवून मोजतात.
- ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी आपोआप वाढली असेल तर दाखवून घ्या.
- किलोमीटर आणि तारीख लिहून ठेवा. रोज धूळ, ट्रॅफिक आणि छोट्या फेऱ्या असतील तर मुदतीच्या आधीच बदला.

नकली ऑइलपासून सावध

बाटलीचं सील, झाकणाखालची पन्नी, बॅच नंबर, तारीख आणि एमआरपी पाहा. भावात फारच सूट असेल तर शंका घ्या. ऑइल आपल्यासमोर भरून घ्या आणि रिकामी बाटली कापून टाका. धड बाटलीतच नकली माल भरला जातो.

काळं ऑइल आणि हात

जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं आणि नोंदणीकृत रिसायकलरकडेच जायला हवं. घरी बदललं तर डब्यात भरून गॅरेजला द्या. पाण्याची अमानत सांभाळणं हेही आपलंच काम आहे.

आपली कितीतरी मुलं गॅरेजमध्ये काम शिकतात. वापरलेलं ऑइल सतत कातडीला लागणं चांगलं नाही, त्याने कातडीचा कॅन्सरही होऊ शकतो. नमाजच्या वेळी घाईत पेट्रोलने हात धुण्याची सवय तर आणखी वाईट. हातमोजे वापरा. साबण आणि लाकडाचा भुसा लावून घासलं की ग्रीसचा थर निघतो, वुजूचं पाणीही कातडीपर्यंत पोहोचतं. गॅरेजच्या उस्तादांनी एक साबण आणि हातमोज्यांची जोडी मुलांसाठी ठेवली तर खर्च फार नाही.

थोडक्यात, पुस्तिकेतला ग्रेड, बाइकला एमए खूण, अस्सल बाटली आणि वेळेवर बदल. एवढं पाळलं तर छोट्या बाटलीचे पैसे वाचतात. ते पुढच्या ऑइलसाठी बाजूला ठेवा, गाडीला त्याचाच उपयोग आहे.