मेडिकलची सीट आणि संविधानाची पहिली दुरुस्ती

"बाकी कुठेही आरक्षण द्या, पण डॉक्टर तरी मेरिटवर होऊ द्या!" हे वाक्य आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकले आहे. मित्रांनो, हा युक्तिवाद नवा नाही. शिक्षणातल्या आरक्षणाची पहिली मोठी कोर्टाची लढाई मेडिकल आणि इंजिनिअरिंगच्या सीटवरूनच झाली.

तेव्हा मद्रास प्रांतात 'कम्युनल जी. ओ.' लागू होता. दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ 'हरिजनां'ना (सरकारी शब्द), २ ब्राह्मणांना, १ मुस्लिमांना आणि १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिश्चनांना. म्हणजे ब्राह्मणांना सातातली एक जागा होतीच, तीही त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त. तरीही अन्याय झाल्याची ओरड झाली ती तिथूनच.

चंपकम दोराईराजन या ब्राह्मण महिला मेडिकलच्या प्रवेशासाठी हायकोर्टात गेल्या. त्यांनी प्रवेशाचा अर्जच केला नव्हता, हे सुप्रीम कोर्टाच्या निकालपत्रातही नोंदले आहे. तरी १९५१ मध्ये तो जी. ओ. रद्द झाला. कारण नोकऱ्यांसाठी कलम १६(४) होते, शिक्षणासाठी तसे कलम नव्हते.

मद्रास प्रांतात पेरियार यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटले. त्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन कलम १५(४) आले. तेव्हा कायदामंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संसदेत त्यांनी या निकालावर कडक टीका करून दुरुस्तीची बाजू मांडली. आज आपला मुलगा, आपली मुलगी एप्रन घालून वॉर्डात उभी आहे, ती या कलमाच्या जोरावर.

पण दरवाजा पुन्हा पुन्हा अडवला गेला. १९६२ च्या बालाजी खटल्यात म्हैसूर राज्याच्या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या जागांवरूनच ५० टक्क्यांच्या मर्यादेची भाषा सुरू झाली. १९८६ पासून मेडिकलचा ऑल इंडिया कोटा आला. त्यात अनुसूचित जाती-जमातींना २००७ पर्यंत आरक्षणच नव्हते. राज्यांच्या सरकारी कॉलेजांतून या कोट्यात जाणाऱ्या जागांवर ओबीसींना ते मिळायला २०२१ उजाडले. इतक्या वर्षांत आपल्या किती जागा गेल्या, याचा हिशोब कोणी मागितला?

आता मेरिटचे बोलू. आरक्षण प्रवेशाच्या वेळी असते, पास होण्यासाठी नसते. ॲनॅटॉमीचा पेपर, प्रॅक्टिकल, अंतिम वर्षाची परीक्षा, पासिंगचे मार्क सगळ्यांना सारखेच. प्रश्नपत्रिकेला जात कळत नाही. उलट, कमी मार्क असूनही लाखोंची फी भरून खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून शिरणाऱ्याला कोणी मेरिट विचारत नाही. पैशाने घेतलेली सीट चालते आणि संविधानाने दिलेली सीट खुपते. याचा अर्थ आक्षेप मार्कांवर नाही, आपल्या तिथे असण्यावर आहे.

म्हणून नीटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने बायोलॉजीबरोबर हा इतिहासही पाठ करावा. हॉस्टेलमध्ये कोणी रँक विचारून जात शोधू लागला, तर मान खाली घालू नका. १९५१ सांगा. ही सीट भीक नाही, लढून मिळवलेला हक्क आहे.

जय भीम!