टोकनचा गोळा आणि डिस्कची रांग

परळी वैजनाथ हे आपल्या बीड जिल्ह्यातलं जुनं जंक्शन. बीड शहरातून प्रवासी गाडी सुटायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. परळीकरांनी मात्र रेल्वे निजामाच्या काळापासून पाहिली. आजचा विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात आपण रुळांपासूनच करू.

एकेरी मार्गावर दोन्ही दिशांच्या गाड्या एकाच रुळावरून धावतात. समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून आपल्या देशात बरीच वर्षं टोकनचा गोळा वापरला गेला. दोन शेजारच्या स्टेशनांवरची यंत्रं तारेने जोडलेली असायची. त्या दोघांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघायचा. तो हातात आल्याशिवाय ड्रायव्हरने पुढे जायचं नाही. गोळा पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडला, की मगच दुसरा निघणार. यात ड्रायव्हर किती सावध आहे, गाडी किती वेगात आहे, यावर काहीच सोडलेलं नव्हतं.

संगणकातही ड्रायव्हर असतो. डिस्कला 'हे लिही, ते वाच' असं सांगणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग म्हणजे स्टोरेज ड्रायव्हर. समजा, रांगेतली सातवी जागा रिकामी आहे. दोन प्रोसेसर एकाच क्षणी ती पाहतात, दोघांनाही ती रिकामी दिसते आणि दोघेही तिथे आपापलं काम टाकतात. एकाचं काम पुसलं जातं. कोण आधी पोचतो यावर निकाल ठरतो, म्हणून याला रेस कंडिशन म्हणतात. हा दोष दहा लाखांत एकदा उगवतो आणि शोधायला बसलं की लपतो.

१९६० च्या दशकात डच संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी यावर उपाय मांडला आणि त्याला नाव दिलं 'सेमाफोर'. हे नाव रेल्वेच्या हात वर-खाली होणाऱ्या सिग्नलचं. म्हणजे रुळांवरचं शहाणपण संगणकात आलं ते नावासकट!

पुढचा इतिहास लिनक्समध्ये उघडपणे पाहता येतो. १९९६ साली लिनक्स २.० एकाहून अधिक प्रोसेसरांवर चालू लागलं, तेव्हा जवळजवळ सगळ्या कर्नलला मिळून एकच मोठं कुलूप होतं. २००१ च्या २.४ आवृत्तीतही सगळ्या डिस्कच्या रांगांना एकच सामाईक कुलूप होतं. सुरक्षित खरं, पण एका डिस्कचं काम चालू असताना दुसरीच्या रांगेला हात लावायलाही थांबावं लागे. साऱ्या मराठवाड्याच्या रेल्वेला मिळून एकच गोळा असावा, तसं. २००३ अखेरच्या २.६ मध्ये प्रत्येक रांगेला वेगळं कुलूप मिळालं. २०१४ च्या ३.१३ पासून तर रांगाच वाटून प्रत्येक प्रोसेसरला स्वतःची रांग देण्याची सोय झाली. म्हणजे कुलूप बारीक करता करता, मुळात सामाईक काही ठेवायचंच कशाला, इथवर विचार पोचला.

तरी रेस संपली नाही. डिस्कला काम दिलं की एक घड्याळ लावतात. वेळेत उत्तर नाही आलं तर काम फसलं असं धरतात. पण घड्याळ वाजतं त्याच क्षणी डिस्कचं उत्तर आलं तर? घड्याळवाला भाग जुन्या कामाची पावती तपासत असतो. तेवढ्यात ते काम संपतं आणि तीच पावती नव्या कामाला दिली जाते. मग घड्याळवाला नव्या, निरपराध कामालाच मारतो.

२०१८ साली तेजुन हिओ यांनी यावर केलेली दुरुस्ती ४.१६ मध्ये आली. पावती नव्याने दिली की तिच्यावर नवा पिढी-क्रमांक, म्हणजे जुनं काम कोणतं आणि नवं कोणतं हे ओळखता यावं. कल्पना हुशार होती, पण गुंतागुंत वाढली. त्याच वर्षीच्या ४.१८ मध्ये कीथ बुश यांनी ती काढून साधी गोष्ट आणली: घड्याळवाला पावती पाहत असेल, तोवर तिच्यावर त्याची नोंद राहील, आणि नोंद असेपर्यंत ती पावती दुसऱ्याला मिळणार नाही. पाहा, हा पुन्हा आपला गोळाच!

इथे दुरुस्तीची दुरुस्ती झाली, यात कमीपणा नाही. आपल्याला घ्यायचा धडा वेगळा आहे. रेस सापडली की पहिला मोह होतो तो मध्ये थोडा थांबा टाकण्याचा. दोष दिसेनासा होतो आणि आपण सुटकेचा श्वास सोडतो. पण ती दुरुस्ती नव्हे. गाडी उशिरा सोडली म्हणून टक्कर टळली, याला सुरक्षितता म्हणत नाहीत. वेगवान डिस्क आली, की तोच दोष पुन्हा दारात उभा.

आज आपला सातबारा, बँकेचं खातं, दवाखान्यातले रिपोर्ट, सगळं कुठल्या ना कुठल्या डिस्कवर आहे. तिथे नोंद हरवली तर नेहमी आरडाओरड होते असं नाही. कधी कधी नोंद गुपचूप चुकीची होते. म्हणून दुरुस्ती झाली असं कुणी म्हणालं, तर 'किती वेळा चालवून पाहिलं?' एवढ्यावर थांबू नका. विचारा, 'या क्षणी गोळा कुणाच्या हातात आहे?' याचं उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर दुरुस्ती अजून व्हायची आहे.